पत्ता आहे, घर नाही

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर हल्ली सलूनमध्येसुद्धा माझ्यापेक्षा चांगली चर्चा चालते. मी माझ्या रोजच्या कामावर बोलते. गेली वीसेक वर्षं मी नक्की काय करते हे माझ्या सासरी अजून कुणाला नीट कळलेलं नाही, आणि माहेरी आईचा समज असा आहे की मी टाइप करते. तो समज अगदीच चुकीचा नाही.

तर एकच प्रसंग सांगणार आहे. एका आठवड्यात घडलेला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं चांगली होती आणि असं कुठेही घडू शकतं.

आमच्याकडे दूध शीतकरण केंद्रांसाठीचं एक छोटं यंत्र होतं. आपल्यातले तिघं दूध संकलनात आहेत, त्यांना हे लगेच कळेल. गावोगावचं दूध केंद्रावर येतं, मोठ्या स्टीलच्या टाकीत पडतं, आणि ते चार अंश सेल्सियसपर्यंत खाली आणून तिथेच धरून ठेवायचं असतं. तापमान वर चढलं की जिवाणू वाढतात, दूध आंबट होतं, आणि दुसऱ्या दिवशी टँकरवाला ते घेत नाही. आमचं यंत्र टाकीचं तापमान दर मिनिटाला नोंदवायचं आणि गडबड झाली की भोंगा वाजवून केंद्रचालकाच्या मोबाइलवर संदेश पाठवायचं.

एका केंद्रावर रात्री वीज गेली. पहाटेच्या सुमारास आली. वीज आल्यावर यंत्र पुन्हा सुरू झालं, पण टाकीतलं दूध तोवर तापलेलं असूनही भोंगा वाजला नाही. सकाळी झाकण उघडलं तेव्हा दूध फाटलं होतं. त्या टाकीत चाळीस-पन्नास घरांचं दूध होतं. आपल्यापैकी ज्यांच्या घरी दोन म्हशींच्या पैशांवर पोरांच्या फिया भरल्या गेल्या, त्यांना मी हे वेगळं समजावून सांगायला नको.

दोष आमच्याच प्रोग्राममध्ये होता. यंत्र सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं भोंगा मुद्दाम बंद ठेवला होता, कारण सेन्सर स्थिर व्हायला वेळ लागतो. ती मिनिटं संपल्यावर भोंगा पुन्हा चालू करायची पायरी एका विशिष्ट वाटेने गेलं की वगळली जायची. आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगा होता, नांदेडकडचा, नोकरीला लागून चार महिने झालेले, अजून कायम व्हायचा होता. त्याने तो दोष एका दिवसात शोधला, दुरुस्त केला, चाचणी लिहिली. चाचणी पास झाली. नवीन आवृत्ती तयार झाली आणि केंद्रावर पाठवली गेली. तिथल्या आमच्या माणसाने मुद्दाम वीज घालवून पाहिली. भोंगा वाजला नाही.

पुन्हा पाठवली. पुन्हा तेच.

मुलगा म्हणत होता, "मॅडम, माझ्या मशीनवर चालतंय." आमच्या धंद्यात या वाक्यावर लोक हसतात. वरच्या साहेबांनी मात्र हसण्यावर नेलं नाही. मीटिंगमध्ये ते म्हणाले की चाचणी न करताच काम पुढे ढकललेलं दिसतंय, आणि अशा मुलांना कायम करताना विचार करावा लागेल. मुलगा काही बोलला नाही. त्याच्या घरी कोण कमावतं हे मला माहीत होतं. माझ्याकडे हे काम आलं ते मीटिंग संपल्यावर, शुक्रवारी दुपारी.

आता इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. कंटाळा आला तर मागच्या रांगेतल्यांनी नेहमीप्रमाणे आपापसांत बोलायला हरकत नाही.

आम्ही प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल असा मजकूर असतो. ते धान्य समजा. यंत्राला धान्य चालत नाही, पीठ लागतं. धान्याचं पीठ करण्याच्या क्रियेला आम्ही 'बिल्ड' म्हणतो, आणि ते करणाऱ्या साधनाला बिल्डचं साधन, म्हणजे गिरणी. ही गिरणी नुसती दळत नाही, तर कुठला डबा बदललाय, कुठला कालचाच आहे, हे पाहून लागेल तेवढंच दळते.

अशी पहिली प्रसिद्ध गिरणी म्हणजे 'मेक'. १९७६ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ती लिहिली. तिच्या जन्माची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी वैतागून त्यांच्या खोलीत आले. त्यांची अख्खी सकाळ एक दोष शोधण्यात गेली होती, आणि दोष तर आधीच दुरुस्त झालेला होता. फक्त दुरुस्त केलेली फाइल पुन्हा दळायची राहिली होती, त्यामुळे ते जुनंच पीठ चाखून बघत होते. त्यातून 'मेक' आलं आणि २००३ मध्ये फेल्डमन यांना त्यासाठी एसीएम या संस्थेचा मोठा पुरस्कार मिळाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण इतकी वर्षं उलटून गेल्यावर आम्ही त्याच खड्ड्यासमोर उभे होतो, फक्त खड्ड्यावर आता फरशी बसवलेली होती.

आमची गिरणी 'बेझल' नावाची होती. गूगलमध्ये आतल्या वापरासाठी 'ब्लेझ' नावाचं साधन होतं, ते २०१५ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं तेव्हा त्याच इंग्रजी अक्षरांची अदलाबदल करून हे नाव ठेवलं. साधन उत्तम आहे. पण त्याची एक सवय नवख्याला चकवते. दळलेलं पीठ ते तुमच्या घरात ठेवत नाही. स्वतःच्या वेगळ्या गोदामात ठेवतं. लिनक्सवर ते गोदाम वापरणाऱ्याच्या घराच्या फोल्डरमध्ये, 'कॅश' नावाच्या लपलेल्या जागेत असतं, आणि त्यात तुमच्या प्रकल्पाच्या खणाचं नाव बत्तीस अक्षरांचं, कुणालाही लक्षात न राहणारं. ते नाव प्रकल्पाच्या फोल्डरच्या पत्त्यावरून गणित करून काढलेलं असतं. म्हणजे फोल्डर दुसरीकडे हलवलंत की खण बदलला.

मग आपल्याला पीठ सापडायचं कसं? तर बेझल तुमच्या दाराला एक चिठ्ठी लावून जातं: 'तुमचं पीठ गोदामात, अमुक खणात.' या चिठ्ठीचं नाव 'बेझल-बिन'. तांत्रिक भाषेत ही सिम्बॉलिक लिंक. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सपासून या लिंका सगळीकडे पसरल्या. लिंक म्हणजे एक फाइल, जिच्यात दुसरं काही नसतं, फक्त एक पत्ता. तुम्ही ती उघडायला गेलात की कॉम्प्युटर मुकाट्याने त्या पत्त्यावर जातो आणि तिथलं सामान तुमच्यापुढे ठेवतो. तुम्हाला वाटतं ते सामान इथंच होतं.

यातली गोम अशी की लिंक तयार करताना त्या पत्त्यावर घर आहे का, हे कुणी बघत नाही. घर नंतर पाडलं तरी चिठ्ठी दारावर तशीच राहते. आपल्या मेळाव्याच्या वेळी जुन्या हजेरीपटावरचे पत्ते घेऊन आमंत्रणं पाठवली, त्यातली किती परत आली ते समितीला विचारा. पत्ते सगळे शुद्ध, सुवाच्य अक्षरात. माणसं मात्र कुणी पुण्यात, कुणी मस्कतला.

बेझलच्या चिठ्ठीची आणखी एक खोड. ती नेहमी शेवटच्या दळणाकडे बोट दाखवते. बारीक दळण आणि भरड दळण यांचे खण वेगळे असतात. ग्राहकासाठीचं वेगवान रूप एका खणात, दोष शोधण्यासाठीचं रूप दुसऱ्या खणात. सकाळी तुम्ही ग्राहकासाठी दळलंत आणि दुपारी कुणी दोष शोधण्यासाठी दळलं, तर चिठ्ठी गपचूप दुसऱ्या खणाकडे वळते. (त्या खणांच्या नावात 'के-एट' असं असतं. ते एएमडीच्या एका जुन्या प्रोसेसर घराण्याचं नाव, चिकटून राहिलेलं. गावात पडलेला वाडा असतो ना, तिथे आता बँक आहे, पण लोक पाटलाचा वाडाच म्हणतात, तसं.)

तर मी शुक्रवारी दुपारी बसले. आपल्याला भूमितीच्या तासाला सर फळ्यावर आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता लिहायला लावायचे, आणि पक्षात नसलेली गोष्ट सिद्धतेत वापरली की खडू फेकायचे. सर, तो खडू मला तीन वेळा लागला आहे. पण मी आजही दोष शोधताना वहीत तेच करते. पक्षात फक्त तेच, जे मी स्वतः पाहिलं आहे. 'चाचणी पास झाली' हे पक्षात, कारण मी नोंद पाहिली. 'नवीन प्रोग्राम केंद्रावर गेला' हे मात्र सगळे गृहीत धरत होते. पाहिलं कुणीच नव्हतं.

म्हणून मी मुलाच्या प्रोग्रामला हातच लावला नाही. पॅकेज उघडलं, आणि आतल्या फाइलचा ठसा काढला. प्रत्येक फाइलचा बोटाच्या ठशासारखा एक ठसा गणिताने काढता येतो, शा-२५६ म्हणतात त्याला. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. मग तीन आठवड्यांपूर्वीचं जुनं पॅकेज काढलं, त्याच्या आतल्या फाइलचा ठसा काढला. दोन्ही ठसे अगदी एकसारखे. बाहेरच्या पॅकेजवर आवृत्तीचा आकडा नवीन, आत माल जुना. आकडा वेगळ्या मजकुराच्या फाइलमधून यायचा, त्याचा आतल्या मालाशी काही संबंधच नव्हता. पोत्यावर शिक्का नवीन मारला म्हणून आतला गहू बदलत नाही.

इथे मुलगा सुटला, असं म्हणायला हरकत नव्हती. त्याची दुरुस्ती केंद्रापर्यंत पोचलीच नव्हती. पण 'पोचली नाही' एवढ्यावर साहेब ऐकणार नव्हते, का पोचली नाही ते दाखवावं लागणार होतं. आणि मलाही ते कळल्याशिवाय घरी जाववलं नसतं.

बिल्ड करणाऱ्या मशीनची नोंद वाचायला घेतली. हजारो ओळी असतात, आणि शेवटी हिरव्या अक्षरात 'यशस्वी' लिहिलेलं असतं, त्यामुळे मधलं कुणी वाचत नाही. मी छापून घेतली. हो, कागदावर. आमच्या ऑफिसातली मुलं हसतात, पण पडद्यावर डोळे घसरतात आणि कागदावर थांबतात. मधेच एक ओळ सापडली. बेझल-बिनमधली फाइल कॉपी करायला गेलो तर 'परवानगी नाही.'

ही ओळ आधी कुणीच पाहिली नव्हती असंही नाही. एका मुलाने पाहिली होती आणि ज्या फोल्डरमध्ये कॉपी जायची त्याला सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या होत्या. ओळ तशीच राहिली, बिल्ड हिरवंच राहिलं, तो पुढच्या कामाला लागला.

मी 'नेम-आय' नावाची आज्ञा चालवली. ही आज्ञा फारशी कुणी वापरत नाही, आणि फार गुणी आहे. एखाद्या पत्त्यावर कॉम्प्युटर पायरी-पायरीने कसा जातो ते ती दाखवते: हे फोल्डर, मग हे, इथे चिठ्ठी, चिठ्ठीवर हा पत्ता, आता पुन्हा मुळापासून सुरुवात. प्रत्येक पायरीला मालक कोण आणि परवानगी कुणाला तेही लिहिते. आमचा पत्ता पहिल्याच फाटकाशी अडकला होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं 'रूट'च्या घरातल्या कॅशमध्ये जा. रूट म्हणजे मशीनचा मालक, त्याच्या घरात बाकीच्यांना प्रवेश नाही. म्हणून 'परवानगी नाही.'

मग मी मालकाच्या अधिकाराने पाहिलं. आता कॉम्प्युटर म्हणाला, 'अशी फाइल किंवा फोल्डर नाही.' म्हणजे फाटक उघडून आत गेलं तरी आत काहीच नव्हतं. परवानगीच्या मागे लागलेल्या मुलाचा दोष नाही, संदेशानेच त्याला तिकडे पाठवलं होतं.

मग पीठ गेलं कुठे?

तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे एक सुधारणा झाली होती. तोवर बिल्ड थेट मशीनवर व्हायचं. त्याचा त्रास असा की प्रत्येकाच्या मशीनवर साधनांच्या आवृत्त्या वेगळ्या, पीठ वेगळं. म्हणून बिल्ड 'डॉकर'च्या कंटेनरमध्ये करायचं ठरलं. कंटेनर म्हणजे मशीनच्या आत उभारलेलं तात्पुरतं स्वतंत्र बिऱ्हाड. त्याची स्वतःची फोल्डरं, स्वतःचा रूट, स्वतःची साधनं. काम संपलं की बिऱ्हाड मोडतात. आपला प्रकल्पाचा फोल्डर तेवढा बाहेरून आत जोडलेला असतो, तो आतूनही दिसतो आणि बाहेरूनही.

आता बघा काय झालं. कंटेनरच्या आत बेझलने दळण केलं. पीठ ठेवलं कंटेनरमधल्या रूटच्या घरातल्या गोदामात. चिठ्ठी लावली प्रकल्पाच्या फोल्डरवर, जो बाहेरूनही दिसतो. चिठ्ठीवरचा पत्ता आतल्या हिशेबाने शंभर टक्के बरोबर. कंटेनर मोडला, गोदामासकट. बाहेर उरली चिठ्ठी. आणि बाहेरच्या मशीनवरही रूटचं घर असतंच! शिर्डीला दोन लॉज आहेत समजा, दोन्हींत खोली क्रमांक पाच आहे. तुम्हाला निरोप मिळाला, 'बॅग पाच नंबरमध्ये ठेवली आहे.' लॉजचं नाव निरोपात नाही. तुम्ही तुमच्या लॉजच्या पाच नंबरशी गेलात, तिथे कुलूप. मॅनेजरशी भांडून किल्ली मिळवलीत, आत गेलात, खोली रिकामी. आणि ज्या लॉजमध्ये बॅग होती, ते लॉज सकाळीच पाडलं.

चाचण्या मात्र कंटेनरच्या आतच चालायच्या, गोदाम शाबूत असताना, नव्या पिठावर. त्या पास होणारच. आणि मुलगा स्वतःच्या लॅपटॉपवर कंटेनरशिवाय बिल्ड करायचा, त्याची चिठ्ठी त्याच्याच घरातल्या गोदामाकडे जायची. त्याच्या मशीनवर चालत होतं हे अक्षरशः खरं होतं.

इथवर संध्याकाळचे सात झाले. एक प्रश्न उरला होता, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चिठ्ठी मोडकी होती, तर काम तिथेच का थांबलं नाही? तुटलेल्या लिंकने फार नुकसान होत नाही. कॉम्प्युटर ओरडतो, आपण दुरुस्त करतो. इथे तो ओरडला होता, पण त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

पॅकेज बांधणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कॉपी करण्याच्या ओळीच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि 'ट्रू' हा शब्द होता. अर्थ असा: कॉपी जमली तर ठीक, नाही जमली तरी 'जमलं' असंच समजून पुढे जा. पुढची ओळ 'डिस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये जे काही असेल ते पॅकेजमध्ये बांधायची. त्या फोल्डरमध्ये जुन्या पद्धतीने शेवटची यशस्वी कॉपी झालेली, तीन आठवड्यांपूर्वीची फाइल पडून होती. तो फोल्डर गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत होता, त्यामुळे तिथे काय साठलंय ते गिट दाखवत नव्हतं, आणि आमची साफसफाई त्या यादीतल्या गोष्टींना हात लावत नव्हती. मधल्या काळात एकच पॅकेज बाहेर गेलं होतं, आणि त्यातला बदल सेटिंगच्या फाइलमध्ये होता, प्रोग्राममध्ये नव्हता. म्हणून कुणाला शंका आली नाही.

ही स्क्रिप्ट लिहिणारा माणूस तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून बेंगळुरूला गेला होता. त्याचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला. जाब विचारायला नाही, मला ती ओळ काढायची होती, आणि जुनं खांब काढण्याआधी त्यावर काय टेकलंय ते विचारून घ्यावं असं माझं मत आहे. तो लगेच ओळखला. म्हणाला, "ताई, तेव्हा दोष शोधण्यासाठीची एक जादा फाइल कधी तयार व्हायची, कधी नाही. नसली की सगळं बिल्ड पडायचं. दुसऱ्या दिवशी डेमो होता, म्हणून ते घातलं." त्याच्या वेळी ती ओळ फक्त त्या जादा फाइलसाठी होती. नंतर कुणीतरी दोन ओळींची एक ओळ केली, आणि मुख्य फाइलही त्याच पांघरुणाखाली गेली. मग तो जरा थांबून म्हणाला, "ती स्क्रिप्ट अजून चालूय?" त्याच्या आवाजात लाज होती की अभिमान, मला ठरवता आलं नाही.

शनिवारी मी आणि तो नांदेडचा मुलगा दोघं ऑफिसला गेलो. दुरुस्ती दोन तासांची होती. स्क्रिप्टच्या डोक्यावर सूचना घातली की कुठलीही पायरी फसली की तिथेच थांब. ते दोन रेघांचं पांघरूण काढलं, आणि जादा फाइल खरंच असेल तरच कॉपी कर असं स्वच्छ लिहिलं. डिस्ट फोल्डर दर वेळी आधी पूर्ण रिकामा करायचा. कॉपी कंटेनरच्या आतच करायची, गोदाम उभं असताना, म्हणजे बाहेर चिठ्ठी येणार नाही, खरी फाइल येईल. आणि बेझलला चिठ्ठ्या लावूच नको असं सांगता येतं, तसं सांगितलं. फाइल कुठे आहे हे त्यालाच विचारून घ्यायचं, दारावरच्या कागदावर विसंबायचं नाही. चिठ्ठी माणसाच्या सोयीसाठी असते, स्क्रिप्टने तिच्यावर चालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यावर आमच्यात वाद झाले. काहींना चिठ्ठ्या हव्या होत्या, त्या त्यांच्या लॅपटॉपवर राहिल्या.

एक गोष्ट मुलाने सुचवली, ती मला सुचली नव्हती. त्याने प्रोग्रामच्या पोटातच कुठल्या बदलापासून तो दळला गेला त्याची खूण घातली, आणि यंत्राच्या छोट्या पडद्यावर ती दिसेल अशी सोय केली. म्हणजे केंद्रावरचा माणूस फोनवर सात अक्षरं वाचून दाखवतो आणि आम्हाला इथे बसून कळतं की तिथे नक्की काय चाललंय. पोत्यावरचा शिक्का नाही, दाण्यातच खूण.

रविवारी पहाटे केंद्रावर नवीन पॅकेज चढवलं. वीज घालवली, अर्ध्या तासाने आणली. ठरलेली मिनिटं गेली आणि भोंगा वाजला. तिथल्या आमच्या माणसाने फोन भोंग्याजवळ धरला होता, त्यामुळे मला दिवसभर एका कानाने कमी ऐकू येत होतं. सोमवारी मी साहेबांसमोर दोन ठसे, छापलेल्या नोंदीतली ती एक ओळ आणि स्क्रिप्टचा तो तुकडा ठेवला. साहेबांनी मुलाला बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं की त्याचं काम पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. हे ते स्वतःहून म्हणाले, मला सांगावं लागलं नाही. मुलगा दोन महिन्यांनी कायम झाला. त्या पहिल्या रात्रीचं दूध कुणी भरून दिलं याची चर्चा नंतर बरेच दिवस चालली, शेवटी कंपनीने काही रक्कम दिली. ती पुरेशी होती असं मी म्हणणार नाही.

काल रात्री इथे आल्यावर आपल्यातल्या एकाने मुलीला माझ्याकडे आणलं. ती दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग करते. तिची फाइल 'एलएस'मध्ये दिसते, पण उघडायला गेलं की 'अशी फाइल नाही' म्हणते, दोन दिवस अडलीय. मी म्हटलं, लिंक आहे का बघ. होती. तिने ती प्रकल्पाच्या मुळाशी उभं राहून तयार केली होती आणि पत्ता तिथून मोजला होता. लिंक मात्र दोन फोल्डर आत ठेवली होती. असा अर्धा पत्ता लिंक जिथे असते तिथून मोजतात, आपण उभे असतो तिथून नाही. 'समोरच्या गल्लीत डावीकडे' हे सांगणाऱ्याच्या दारातून खरं असतं, ऐकणाऱ्याच्या दारातून नाही. तिला तुटलेल्या सगळ्या लिंका एका दमात शोधायची 'फाइंड'ची आज्ञा लिहून दिली. तिने ती कागदावर नको म्हणून मोबाइलवर फोटो काढून घेतला.

तिच्या आणखी अकरा लिंका तुटलेल्या निघाल्या. त्या आज जेवणानंतर बघू असं ठरलं आहे, तेव्हा ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी त्याआधी विचारा.